काकांची बुलेट: टायमिंग बरोबर, तरी इंजिन तापतं

आधी गाडी सांगतो, मग रोग. गाडी काकांची, १९८३ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडले की प्लगला ठिणगी पाडणारा छोटा स्विच), ६ व्होल्ट, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. नंबरप्लेट जुन्या जीडी सिरीजची, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र केंद्रशासित होते तेव्हाची. काका म्हापशाला पायलट होते. गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, काळी गाडी आणि पुढचं मडगार्ड पिवळं. बाजाराच्या शुक्रवारी काकांना दुपारचं जेवायलाही सवड नसायची एवढी भाडी असायची. २००६ला गुडघ्यानं दगा दिला आणि गाडी डिचोलीजवळ आमच्या घराच्या मागच्या पडवीत उभी राहिली ती २०२३पर्यंत. मधे काही वर्षं रस्त्यानं खाणीचे ट्रक जायचे, त्यामुळे पडवीत सगळ्यावर लाल धुळीचा थर, पावसाळ्यात त्याचा चिखल आणि परत उन्हाळ्यात धूळ. ही धूळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडीबरोबर काकांचा टूलबॉक्स मिळाला. त्यात तीन पाने, घासून पातळ झालेला एक स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेजची दोनच पाती, सायकलच्या चाकाची एक तार जिच्यावर कानशीनं दोन खाचा पाडल्या होत्या, आणि शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली, तळाला घट्ट झालेलं तेल. तार मी ठेवली कारण ती कशाची हे कळलं होतं, प्लगच्या भोकातून घालून पिस्टन किती वर आलाय ते मोजायची. बाटली टाकून दिली.

रिस्टोरेशनचा भाग पटकन सांगतो कारण त्यात नवीन असं काही नाही, जे सगळ्यांना करावं लागतं तेच. पिस्टन गंजून सिलिंडरला धरला होता, आठवडाभर डिझेल भरून ठेवलं आणि मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू सोडवला. बोअर पहिल्या ओव्हरसाइजला केला, नवीन पिस्टन-रिंग, व्हॉल्व्ह लॅप केले, वायरिंग सगळी नवीन पण ६ व्होल्टच ठेवली. टाकी आतून साफ करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. हँडल आणि बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) क्रोमला दिले. मडगार्ड मी मुद्दाम परत पिवळंच रंगवून घेतलं, नंबर खासगी असला तरी पिवळा रंग काढला असता तर ती काकांची गाडी राहिली नसती. २०२५च्या जानेवारीत गाडी सुरू झाली, दुसऱ्या किकला, आणि काका खुर्ची ओढून अंगणात अर्धा तास नुसते ऐकत बसले होते.

आता रोग.

गावात गाडी सुंदर. किक हलकी, कधी उलटी किक नाही, आयडल इतका सावकाश की एकेक ठोका मोजावा. डिचोली ते साखळी पन्नासच्या खालच्या स्पीडनं काही तक्रार नाही, नवीन बोअर म्हणून मी तसाही जास्त पळवत नव्हतो. पाचशे किलोमीटर झाल्यावर एका रविवारी मागे भावाला बसवून साखळीवरून केरीला आणि अंजुण्याचं धरण मागे टाकून चोर्ला घाटाला लागलो. चढ सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडीनं दम सोडला, तिसरा गियर ओढेना, दुसरा टाकला तर नुसता आवाज वाढला आणि पुढे जाणं तेवढंच. थ्रॉटल पूर्ण उघडलं तरी फरक नाही, जणू मागून कोणीतरी धरून ठेवलंय. बाजूला घेतली तर इंजिनजवळ हात नेववत नव्हता आणि बेंड पाइप हेडला जिथं लागतो तिथं नवं कोरं क्रोम निळं पडलेलं. अर्धा तास थांबलो, थंड झाली, एका किकला सुरू, आणि परत तोच प्रकार.

यानंतरचे दोन महिने जे केलं ते सगळं सांगतो कारण यातलं प्रत्येक पाऊल तेव्हा पटण्यासारखंच होतं.

पहिला संशय नवीन बोअरवर. पिस्टन टाइट असेल तर गाडी तापते आणि ओढत नाही, हे खरं आहे. पण टाइट पिस्टन गरम झाल्यावर किकला जड लागतो, आणि माझी किक गरम असतानाही हलकीच होती. तरी हेड-सिलिंडर उतरवून पिस्टन बघितला, कुठंही घासल्याची खूण नाही.

दुसरा संशय कार्बोरेटरवर. मिश्रण पातळ असेल तर इंजिन तापतं, म्हणून मिककार्ब कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा टाकला, मग आणखी एक. प्लग काजळून काळा पडला, पेट्रोल जास्त जायला लागलं, आणि घाटात गाडी तशीच. इथं मला थांबायला हवं होतं, कारण मिश्रण जाड करून प्लग काळा झाला तरी बेंड पाइप तापतोच आहे याचा अर्थ उष्णता मिश्रणातून येत नाहीये. पण तेव्हा ते डोक्यात जुळलं नाही.

तिसरं कंडेन्सर, पॉइंटवरचा स्पार्क दाबून धरणारा छोटा डबा. झाकण उघडून अंधारात बघितलं तर पॉइंटवर निळा-पांढरा मोठा स्पार्क दिसत होता, कंडेन्सर गेलाय याची ही खूण, आणि पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा पडायला लागला होता. दोन्ही नवीन टाकले. स्टार्टिंग आणखी चांगलं झालं, घाटात काही फरक नाही. कंडेन्सर खराबच होता, फक्त तो हा रोग नव्हता. जुन्या गाडीत हे फार होतं, एक खरा दोष सापडतो आणि आपण समजतो तोच दोष होता.

मग टायमिंग, म्हणजे पिस्टन कुठं असताना ठिणगी पडते ते. बेंड पाइप निळा होणं आणि दम नसणं ही लेट टायमिंगची अगदी नेहमीची लक्षणं. स्पार्क उशिरा पडला की मिश्रण उशिरा पेटतं, पिस्टन खाली जाताना जो जोर मिळायला हवा तो मिळत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत अजून जळतंच असतं, ती सगळी आग पाइपात. म्हणून टायमिंग बघितलं. एका गॅरेजात बघून घेतलं, मग मी बघितलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा माप तेच: पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडतात. या गाडीचं कंपनीचं मापच ते आहे, ०.८ मिमी, क्रँकच्या हिशोबात नऊ-दहा अंशांच्या आसपास. म्हणजे टायमिंग बरोबर. गॅरेजवाल्यानं सांगितलं की जुन्या गाडीची घाट चढायची ताकदच तेवढी, नवीन घ्या. हे मला पटलं नाही, कारण याच गाडीवर मागे माणूस आणि सामान घेऊन काका याच घाटानं बेळगावला गेलेले मला माहीत आहेत.

टायमिंग कसं मोजत होतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पद्धत चुकीची नव्हती. प्लग काढायचा, त्या भोकातून पिस्टनवर मापाची तार टेकवायची, टॉप गियर टाकायचा आणि मागचं चाक हातानं पुढच्याच दिशेनं फिरवायचं. टॅपेटच्या झाकणातून दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरतात का बघायचं, फिरले की हा कंप्रेशनचा स्ट्रोक. मग इग्निशन ऑन. बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर जो अँपमीटर असतो ना, लोक त्याला शोभेचा समजतात, तो इथं सगळ्यात कामाचा. पॉइंट बंद असताना कॉइलमधून करंट जातो म्हणून काटा डिस्चार्जच्या बाजूला झुकलेला असतो. चाक केसभर केसभर पुढे सरकवत राहायचं, आणि ज्या क्षणी पॉइंट उघडतात त्या क्षणी काटा टचकन मधे येतो. तोच स्पार्कचा क्षण. बल्ब नको, सिगारेटच्या पाकिटातला कागद नको. पुढे गेलात तर तिथून मागे आणून मोजायचं नाही, चांगलं मागे नेऊन परत पुढे यायचं, नाहीतर टायमिंग गियरमधली ढील मापात येते. आणि इग्निशन उगाच ऑन ठेवायचं नाही, पॉइंट बंद राहिले तर कॉइल तापते.

या पद्धतीनं माप पक्कं होतं. आणि तेच मला फसवत होतं.

मार्चमध्ये वाळपईच्या बाजूला राहणाऱ्या एका जुन्या मेस्तकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, गाडी नेली. वय सत्तरच्या पुढे, आता गॅरेज नाही, ओळखीनं कोणी आलं तर अंगणात बघतात. मी सगळी हकिकत सांगितली, जेट, कंडेन्सर, ०.८, सगळं. त्यांनी गाडी सुरू केली, आयडलला ठेवली, मग थ्रॉटल एकदम उघडून सोडलं, दोनदा. बंद केली. उजव्या बाजूचं पॉइंटचं गोल झाकण काढलं, पॉइंटच्या मधला कॅम अंगठा आणि बोटात धरला आणि तो ज्या दिशेला फिरतो त्या दिशेला पिळला. परत पिळला. मग मला म्हणाले, "आयक, टायमिंग बरें आसा. पूण तें हालना." टायमिंग बरोबर आहे, पण ते हलत नाही.

सगळं प्रकरण त्या दोन वाक्यांत होतं. ०.८ मिमी हे टायमिंग फक्त आयडलचं आणि किकचं आहे. पॉइंटच्या प्लेटमागे एक ऑटो-अ‍ॅडव्हान्स युनिट असतं, त्यात दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंग. इंजिनचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, कॅम थोडा पुढे फिरवतात आणि पॉइंट लवकर उघडतात. वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना परत आत ओढतात. कॅम बोटानं पिळला तर थोडा फिरायला हवा आणि सोडला की स्वतःहून परत यायला हवा. माझा कॅम दगडासारखा.

हे का लागतं त्याचा साधा हिशोब करून बघा. प्लगला ठिणगी पडली आणि सगळं मिश्रण एका क्षणात पेटलं असं होत नाही, जळायला वेळ लागतो, आणि इंजिन चौपट वेगानं फिरलं म्हणून तो वेळ चौपट कमी होत नाही. १००० आरपीएमला क्रँक दहा अंश फिरायला साधारण १.७ मिलिसेकंद घेतो. ४००० आरपीएमला तेच दहा अंश ०.४ मिलिसेकंदात संपतात. म्हणजे आयडलला मिश्रणाला जो अवकाश मिळत होता त्याचा जेमतेम चौथा हिस्सा घाटात मिळत होता. म्हणून गावात गाडी सुंदर, किक हलकी, आयडल देखणा, आणि जोर मागितला की लेट. स्टॅटिक माप शंभर वेळा घेतलं असतं तरी बरोबरच आलं असतं, कारण युनिट जिथं धरलं होतं ती जागा मुळातच पूर्ण रिटार्डची, म्हणजे सगळ्यात उशिरा ठिणगी पडण्याची होती.

युनिट त्यांच्याच अंगणात उतरवलं. मधला बोल्ट काढून टेपरवरनं हलकेच सोडवलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. वरून स्वच्छ, कारण मी बाहेरून पेट्रोलनं धुतलं होतं आणि पुढे गेलो होतो. वजनं टोकानं उचकटल्यावर पिनांभोवती जे निघालं ते गेरू कालवून वाळवल्यासारखं, जुनं ग्रीस, गंज आणि आमच्या पडवीतली लाल धूळ, नखानं खरवडलं तर कडक पापुद्रा निघत होता. १७ वर्षांत ते खाणीच्या मातीनं सिमेंट केल्यासारखं झालं होतं. मुळात तिथं कोणीतरी जाड ग्रीस भरलं होतं हेही चूक, जाड ग्रीस धूळ धरतं आणि वाळतं.

इथं मी घाई केली. साफ करत बसण्यापेक्षा नवीन युनिट टाकू म्हणून बाजारातून एक आणलं, दिसायला चकचकीत. बसवलं आणि दुसराच त्रास सुरू झाला. आयडल खाली येईना, स्क्रू सैल केला तर बंद पडायची, घट्ट केला तर वर चढायची, आणि पाचव्या-सहाव्या किकला गाडीनं अशी उलटी मारली की घोटा आठवडाभर सुजला. टायमिंग मोजायला गेलो तर दर वेळी वेगळं माप. कारण नवीन युनिटच्या स्प्रिंग इतक्या ढिल्या होत्या की गाडी बंद असतानाही वजनं पूर्ण आत बसत नव्हती, म्हणजे ठिणगी आधीच लवकर. जुन्या रोगाच्या बरोबर उलटा रोग. लेट टायमिंग गाडी तापवतं, अर्ली टायमिंग पाय मोडतं, आणि दुसरं जास्त धोक्याचं.

मग परत जुनंच युनिट घेतलं. पिना हजार नंबरच्या पेपरनं चमकेपर्यंत घासल्या, वजनांची भोकं कापडाच्या चिंधीनं साफ केली, स्प्रिंग कंपनीच्याच होत्या आणि ताण चांगला होता. जोडून बोटानं कॅम पिळला आणि सोडला, टक करून जागेवर. हा आवाज ऐकल्यावर मी तो दहा वेळा तरी केला असेन. पिनेला पातळ तेलाचा एकेकच थेंब, ग्रीस फक्त पॉइंटच्या फायबरची टाच जिथं कॅमवर घासते तिथं, तेही काडीच्या टोकाएवढं.

टायमिंग परत शून्यापासून लावलं. आधी पॉइंटचा गॅप, ०.३५ ते ०.४० मिमीमध्ये, मी ०.३५ ठेवला. गॅप आधी आणि टायमिंग नंतर हा क्रम मोडायचा नाही, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. खूप जण टायमिंग लावून झाल्यावर गॅप "जरा ठीक" करतात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. मग या वेळी तारेवर न थांबता डिग्रीची चकती लावली. डावीकडचं क्लच कव्हर एका मोठ्या नटावरच असतं पण त्याआधी फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढावं लागतं, खाली तेलाला भांडं ठेवायचं. क्रँकच्या टोकाला चकती, जुन्या प्लगच्या खोळीत बोल्ट घट्ट बसवून पिस्टनला अडसर, एकदा पुढून टेकवायचं, एकदा मागून, आणि दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरं वरचं टोक. नुसत्या तारेनं हे टोक नीट सापडत नाही, वर पोचल्यावर क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा वाटतच नाही, आणि बुलेटचं प्लगचं भोक तिरकं असल्यानं तारेवरचं अंतर म्हणजे पिस्टनचं खरं अंतर नव्हे. तरी कुतूहल म्हणून काकांची तार घालून बघितली. त्यांच्या दोन खाचांमधलं अंतर चकतीवर नऊ अंशांना थोडं कमी आलं. कुठली चकती नाही, पुस्तक नाही, आणि त्यांनी हे कानशीनं पाडलं होतं.

एप्रिलमध्ये परत चोर्ला, मागे तोच भाऊ. तिसऱ्या गियरमध्ये ती वळणं गेली आणि मला मागे वळून भावाला ओरडून सांगावंसं वाटलं, सांगितलंही. वर पोचून बेंड पाइपवर पाणी शिंपडलं, तडतडलं पण पूर्वीसारखं नाही, आणि निळा पट्टा होता तिथंच थांबला, पुढे वाढला नाही.

पुढचं बारीक ट्यूनिंग मेच्या उन्हात झालं. तिसऱ्यात, कमी वेगावर, थ्रॉटल जोरात दिलं की आतून सुटी नाणी खुळखुळल्यासारखा आवाज यायचा. हे नॉकिंग, म्हणजे आता ऑटो-अ‍ॅडव्हान्स चालू असल्यानं ०.८ माझ्या इंजिनला किंचित जास्त होतंय. प्लेटचे स्क्रू सैल करून अगदी किंचित रिटार्ड केलं. इथं हात फार हलका हवा, पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे प्लेट एक अंश हलली की क्रँकवर दोन अंश होतात, आणि प्लेटच्या कडेला एक अंश म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं. तीन वेळा घाट करून ०.६ मिमीच्या आसपास आवाज गेला आणि ओढ कमी झाली नाही, तिथं ठेवलं. जेट मूळ मापापेक्षा एक नंबर मोठा राहू दिला, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यानं मिश्रण जरा पातळ पडतं. प्लगचा रंग त्यानंतर विटकरी यायला लागला. आणि हे पेट्रोल ओलावा धरतं, आमच्या पावसात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली तर परत गंज, म्हणून जूनपासून एकतर टाकी भरलेली ठेवतो किंवा पूर्ण रिकामी.

काकांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "डब्यातली तेलाची बाटली कुठाय?" मी म्हणालो टाकली. पावसाचा जोर ओसरला की चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी झाकण उघडून पॉइंटच्या मागे दोन थेंब, हा त्यांचा दरवर्षीचा नेम होता, त्या बाटलीतलं तेल सोडून दुसरं काही त्यांनी तिथं कधी वापरलंच नव्हतं. मला त्या वेळी विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

नवीन बाटली आणली आहे, म्हापशाला शिलाई मशीनच्या दुकानातून. या चवथीच्या आठवड्यात झाकण उघडलं, कॅम पिळला, टक करून परत आला. गॅप ०.३० झाला होता, फायबरची टाच नवीन असताना थोडी झिजतेच आणि तेवढं टायमिंग लेट जातं, तो परत ०.३५ केला आणि मग अँपमीटरवर ०.६ तपासलं. काका बाजूला खुर्चीत होते. मी चाक सरकवत होतो आणि काटा त्यांनी बघायचा असं ठरलं होतं, काटा मधे आला की ते "हां" म्हणायचे.